भाडे खोलीचे, मोल शिवाराचे

(विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात ‘शेतीपूरक व्यवसाय’ या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सत्रात माझ्या सहकाऱ्यांनी दुग्धव्यवसाय, शेळीपालन आणि रेशीम उद्योग यांची माहिती दिली. माझ्याकडे आलेला विषय जरा वेगळा आहे. शेतावर पाहुणे उतरवून त्यापासून उत्पन्न मिळवणे, म्हणजे ज्याला आपण कृषी पर्यटन म्हणतो, तो हा विषय. मी कृषिविद्येचा शिक्षक. हॉटेलचा धंदा मला कळत नाही, हे आधीच सांगतो. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला एक कारण घडले.

मागच्या महिन्यात एक तरुण शेतकरी आमच्या विभागात आले. हातात घराचा नकाशा होता. शेतावर सहा नवीन खोल्या, प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र, पुढे पोहण्याचा तलाव आणि मोटारी उभ्या करायला फरसबंदी जागा. बँकेत कर्जप्रकरण तयार होते. नकाशात जिथे फरसबंदी दाखवली होती, तिथे आज काय आहे, असे मी विचारले. ते म्हणाले, “आजोबांनी लावलेली चिंचेची आणि आंब्याची ओळ आहे. ती काढावी लागेल.” मग मी विचारले, “पाहुणा तुमच्याकडे काय पाहायला येणार?” त्यांनी नकाशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गप्प राहिले. त्यांना द्यायला हवे होते ते उत्तर आज मी आपल्या सर्वांपुढे मांडणार आहे. त्यासाठी आपल्याला थोडा वेळ जपानमधल्या एका शिवारात जावे लागेल.

विखुरलेल्या वस्त्यांचे गाव

जपानच्या मुख्य बेटावर, जपानी समुद्राच्या बाजूला तोयामा नावाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिम भागात तोनामी नावाचे मैदान आहे. शो नदी डोंगरातून खाली उतरताना आपल्याबरोबर दगडगोटे आणि गाळ आणते. तो पंख्याच्या आकारात पसरून हे मैदान तयार झाले. सुमारे २२० चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात सुमारे ७,००० घरे आहेत. पण आपल्याकडच्या गावठाणासारखी ती एका ठिकाणी दाटीने उभी नाहीत. प्रत्येक घर आपापल्या भातखाचरांच्या मधोमध, शेजाऱ्यापासून अंतर राखून उभे आहे. आपल्याकडे मळ्यात किंवा वस्तीवर राहणाऱ्या मंडळींना हे चित्र चटकन डोळ्यांसमोर येईल.

असे का झाले, तर त्याचे उत्तर जमिनीत आहे. नदीच्या पंख्यावरच्या जमिनीत वरचा मातीचा थर पातळ असतो आणि खाली गोटे असतात. पाणी धरून राहत नाही, झपाट्याने झिरपते. अशा जमिनीत भात घ्यायचा तर पाण्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. म्हणून जिथे जरा उंचवटा आणि मातीचा थर बरा मिळाला, तिथे शेतकऱ्याने घर बांधले आणि त्याच्या भोवती खाचरे काढली. दारात उभे राहिले की सगळ्या खाचरांचे पाणी दिसते. १६७० मध्ये तिथल्या राज्यकर्त्यांनी शो नदीला बांध घालण्याचे काम सुरू केले. नदीचा प्रवाह एका बाजूला आवरला गेला. तिचे जुने फाटे पुढे पाट म्हणून उपयोगी पडले आणि वस्त्या वाढत गेल्या. आज डोंगरावरून पाहिले तर पाणी भरलेल्या खाचरांत छोटी छोटी बेटे तरंगावीत, तशी ही घरे दिसतात.

त्याच शेतकऱ्यांनी एक दुबार पीकही शोधले. १९१८ साली तिथल्या एका तरुण शेतकऱ्याने भात निघाल्यानंतर ट्युलिपचे कंद लावून पाहिले. ऑक्टोबरात लावलेला कंद हिवाळाभर बर्फाखाली राहतो, एप्रिलच्या अखेरीस फुलतो आणि जूनमध्ये काढणीला येतो. कंद चांगला पोसावा म्हणून उमललेली फुले खुडून टाकतात. फूल हे त्यांचे मुख्य उत्पादन नव्हतेच. तरी ती फुले पाहायला माणसे येऊ लागली आणि १९५२ पासून तोनामीत ट्युलिपचा मेळा भरू लागला. चांगली शेती पाहायला लोक आपणहून येतात, याचे हे एक उदाहरण होय.

घराभोवतीचे झाडांचे कुंपण

या वस्त्यांची खरी ओळख म्हणजे घराभोवतीची झाडी. तिला तिथे काइन्यो म्हणतात. त्यात मुख्य झाड जपानी देवदाराचे. त्याचे तिथले नाव ‘सुगी’. नाव ऐकून आपल्याला सुगीचे दिवस आठवतील, पण तो निव्वळ योगायोग. या देवदाराबरोबर बांबू, तेंदूच्या कुळातले काकी, अक्रोडासारखी कामाची लाकडे देणारी आणि फळे देणारी झाडेही असतात. वारा आणि बर्फ ज्या बाजूने जोरात येतो, त्या दक्षिण व पश्चिम बाजूला झाडी दाट असते. घराचे तोंड पूर्वेकडे. त्या बाजूच्या मोठ्या त्रिकोणी भिंतीवर पांढरा गिलावा आणि त्यात लाकडी तुळयांची जाळी दिसते. अशा घराला अझुमादाची म्हणतात.

ही झाडी केवळ शोभेसाठी नव्हती. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात वाऱ्याला आडोसा, वाळलेल्या डहाळ्यांचे सरपण, घर दुरुस्तीला लाकूड आणि मुलांना फळे, असे सर्व काही त्या एका कुंपणातून मिळत असे. म्हणून त्या भागात एक म्हण आहे. तिचा अर्थ असा, की वेळ पडली तर जमीन विका, पण काइन्यो विकू नका.

ही म्हण प्रथम माझ्या वाचनात आली, तेव्हा मला आमचे घर आठवले. माझे बालपण मळ्यातल्या वस्तीवर गेले. घराच्या पश्चिमेला पाच मोठ्या चिंचा होत्या. मी शाळेत असताना बोअर घेण्यासाठी पैसे कमी पडले, म्हणून वडिलांनी त्या चिंचा वखारवाल्याला विकल्या. बोअरला दोन वर्षे पाणी होते, मग ते आटले. चिंचा मात्र गेल्या त्या गेल्याच. उन्हाळ्यात दुपारी त्या घरात बसवत नाही, आणि वळवाच्या वाऱ्यात दोनदा पत्रे उडाले. वडिलांना मी दोष देत नाही. त्या वेळी झाडाची किंमत लाकडाच्या भावानेच होत होती. सावलीला आणि आडोशाला कोणी भाव देत नव्हते.

शेत आहे, पण माणूस नाही

तोनामीत सर्व काही सुरळीत आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९६० नंतरच्या दशकांत तिथे खाचरांचे एकत्रीकरण झाले आणि साधारण ३० आरांचे, म्हणजे जवळजवळ ३० गुंठ्यांचे, सरळ रेषेतले प्लॉट तयार झाले. यंत्रे आली. शेतकरी कारखान्यात नोकरी करून सुटीच्या दिवशी शेती पाहू लागला. गॅस आला तसे सरपण नकोसे झाले. जी डहाळी पूर्वी चुलीत जायची, ती आता कचरा झाली. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या चक्रीवादळात या भागातली देवदाराची असंख्य झाडे उन्मळून पडली. अनेकांनी नंतर ती पुन्हा लावली नाहीत. वय झालेल्या माणसाला चाळीस-पन्नास फूट उंच झाडांची छाटणी स्वतः करता येत नाही आणि मजूर लावायचा तर खर्च झेपत नाही.

साऱ्या जपानचीच ही अडचण आहे. २०२० च्या कृषी गणनेनुसार तिथे शेती हेच मुख्य काम असलेली माणसे सुमारे १३ लाख ६३ हजार उरली होती आणि त्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे होते. पाच वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, हीच संख्या सुमारे १७ लाख ५७ हजार होती. २०२३ च्या पाहणीत देशभरात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे घर आहे, शेत आहे, पाटाला पाणी आहे. पण राहणारा माणूस नाही. जुने घर पाडायचे, झाडी तोडायची आणि जागा मोकळी करायची, एवढाच मार्ग अनेकांना दिसतो.

तीन खोल्यांचे घर

अशाच एका सुमारे १२० वर्षे जुन्या अझुमादाची घरात २०२२ मध्ये एक पाहुणेघर सुरू झाले. त्याचे नाव राकुदो-आन. त्यात उतरण्याच्या खोल्या फक्त तीन. जपानमधील उंची मुक्कामाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तिथले एका रात्रीचे भाडे माझ्यासारख्या मास्तराच्या खिशाला परवडणारे नाही, तेव्हा तिथे राहून आलो, अशी थाप मी मारणार नाही. पण या घराबद्दल जे प्रसिद्ध आहे, ते शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर फार उपयोगी आहे.

आपल्या डोक्यात ‘उंची मुक्काम’ म्हटले की संगमरवर, कारंजे आणि झुंबर येते. या घराच्या खिडकीतून मात्र भाताचे खाचर दिसते. तीन खोल्यांची नावे आहेत कागद, रेशीम आणि माती. एका खोलीच्या भिंती हातकागदाने मढवल्या आहेत, दुसरीच्या रेशमी कापडाने आणि तिसरीला मातीचा गिलावा आहे. आवारातल्या भोजनगृहात इटालियन पद्धतीने रांधतात, पण जिन्नस त्या भागातल्या शेतांतले आणि जवळच्या समुद्रातले. भोवतालची झाडी आणि खाचरे तशीच आहेत.

आता यात नवीन काय बांधले, याचा विचार करा. घर जुने. झाडी जुनी. खाचरे शेजाऱ्यांची. पाट कित्येक पिढ्यांपूर्वीचे. रेशीम, कागद आणि माती यांचे काम करणारे कारागीर आधीपासूनचे. या पाहुणेघराने खर्च केला तो मुख्यतः जुने नीट करण्यावर. पाहुणा भाडे खोलीचे देतो, पण मोल देतो ते त्या शिवाराचे. उद्या आसपासची खाचरे पडीक पडली आणि झाडी तुटली, तर त्याच तीन खोल्यांना निम्मे भाडेसुद्धा कोणी देणार नाही.

या भागात ‘दोतोकु’ असा एक शब्द वापरतात. त्याचा शब्दशः अर्थ मातीचे पुण्य किंवा मातीचा सद्गुण. एखाद्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी राबून आणि निसर्गाशी जुळवून घेऊन जे चांगुलपण साठवलेले असते, ते पुढच्या माणसाला आयते मिळते, असा त्याचा भाव आहे. पूर्वजांची पुण्याई म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

दुहेरी कोषाची गोष्ट

आपल्यापैकी काहीजण तुती लावून रेशीम कोष घेतात. त्यांच्यासाठी यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रेशमाच्या खोलीत जे कापड लावले आहे, ते जवळच्या जोहाना या गावातले. तिथे रेशीम विणण्याची जुनी परंपरा आहे, आणि १८७७ मध्ये स्थापन झालेली एक पेढी आजही तिथे ते काम करते.

आपल्याला ठाऊक आहे की कधी कधी दोन अळ्या मिळून एकच कोष विणतात. आपण त्याला डबल कोष म्हणतो. त्यातले दोन धागे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे सरळ उलगडत नाहीत आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक निघते. बाजारात असा कोष बाजूला काढतात व त्याला भाव कमी मिळतो. जोहानात नेमक्या याच दुहेरी कोषाचे सूत काढून त्याचे कापड विणतात. जाड-बारीक धाग्यामुळे त्या कापडावर आपोआप रेघा उमटतात आणि प्रकाश पडला की त्या चमकतात. मग ते कापड कागदावर चिकटवून घरांतले सरकते पडदे आणि भिंती मढवण्यासाठी वापरतात. बाजाराने ज्याला खोट म्हटले, त्यातच कारागिराने शोभा शोधली. उंची खोलीच्या भिंतीवर आज जे झळकते आहे, ते आपल्याकडे वेगळ्या पाटीत टाकलेल्या मालापासून झाले आहे.

जोहानापासून डोंगरात गेले की गोकायामा लागते. तिथली उतरत्या गवती छपरांची घरे १९९५ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिथे कागदी तुतीच्या सालीपासून हातकागद करतात. ही साल हिवाळ्यात बर्फावर पसरून ठेवतात, म्हणजे ती नैसर्गिकरीत्या पांढरी होते. ज्या बर्फाने शेती थांबते, त्याच बर्फाला त्यांनी कामाला लावले. जवळचे इनामी हे गाव लाकडावरील कोरीवकामासाठी प्रसिद्ध. तिथे २०१६ पासून जुन्या घरांत मुक्कामाची सोय सुरू झाली. तिथल्या योजनेत एकेक घर एकेका कारागिराशी जोडलेले असते, आणि पाहुण्याला त्याच्या हाताखाली बसून काम शिकता येते. म्हणजे कारागीर हा शोभेची वस्तू न राहता त्या व्यवसायाचा भागीदार होतो.

पैसा कुणाकडे जातो?

आता मी एक खटकणारा प्रश्न विचारतो. पाहुणा जे खाचर पाहून खूश होतो, ते पाहुणेघराच्या मालकाचे नसते. शेजारचा शेतकरी चिखलात उतरतो, बांध घालतो, गवत कापतो, आणि ते पाहण्याचे भाडे दुसराच घेतो. हा न्याय आहे का?

राकुदो-आनने याचे एक उत्तर दिले आहे. मुक्कामाच्या भाड्यातील दोन टक्के रक्कम या विखुरलेल्या वस्त्यांचे शिवार टिकवण्याच्या कामासाठी बाजूला ठेवली जाते. शंभर रुपयांत दोन रुपये. हजारो घरांची झाडी तीन खोल्यांच्या दोन टक्क्यांतून वाचणार नाही, हे उघड आहे. पण एक तत्त्व त्यात मान्य केले आहे, की ज्याच्या श्रमावर आपला व्यवसाय उभा आहे, त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा. बाकी किती टक्के हवेत, यावर वाद घालता येईल, आणि तो घालावा, असे माझे मत आहे.

जपानमध्येच याहून वेगळ्या वाटाही आहेत. ह्योगो प्रांतातल्या मारुयामा नावाच्या लहानशा वस्तीत १२ घरे होती. त्यातली ७ रिकामी पडली. तिथल्या उरलेल्या कुटुंबांनी एका बाहेरच्या संस्थेबरोबर भागीदारी केली, रिकामी घरे दुरुस्त केली आणि २००९ पासून तिथे पाहुणे उतरू लागले. इथे मालक बाहेरचा नाही. वस्तीच भागीदार आहे.

दुसरे उदाहरण क्युशू बेटावरच्या ओइता प्रांतातील अजिमु या द्राक्षाच्या गावचे. जपानमध्ये शेतावरील मुक्कामाला चालना देणारा कायदा १९९४ मध्ये झाला. १९९६ पासून अजिमुच्या शेतकऱ्यांनी आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. नवी खोली नाही, नवे बांधकाम नाही. घरच्यांबरोबर रांधायचे, घरच्यांबरोबर जेवायचे. एकदा राहिलात तर लांबचे नातेवाईक, दहा वेळा राहिलात तर सख्खे, असे ते पाहुण्यांना सांगतात. हॉटेलचे नियम अशा घरांना झेपत नव्हते, तेव्हा २००२ मध्ये ओइता प्रांताने ते नियम शिथिल केले. इथे उंची काहीच नाही, पण जे मिळते ते थेट शेतकऱ्याच्या घरात, आणि बहुतेक वेळा घरधनिणीच्या हातात मिळते.

म्हणजे तोनामीचे घर श्रीमंत पाहुण्याचे आणि अजिमुचे घर साध्या पाहुण्याचे. पण दोन्हींचा पाया एकच आहे. आधी जिवंत शेती आणि मग खोली.

कर्ज काढण्याआधीचे गणित

महाराष्ट्रात २००५ पासून बारामती परिसरात कृषी पर्यटनाचे संघटित प्रयत्न झाले, आणि २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. नोंदणीची सोय पर्यटन संचालनालयाकडे आहे. तेव्हा हा व्यवसाय आपल्याला नवा नाही. पण त्यात उतरणारे अनेकजण सुरुवात सिमेंटने करतात. म्हणून त्या तरुण शेतकऱ्यासमोर मांडलेला हिशेब आपल्यासमोरही ठेवतो. आकडे गृहीत धरलेले आहेत. आपापल्या भागाप्रमाणे बदलून घ्यावेत.

समजा, सहा खोल्यांना प्रत्येकी ४ लाख रुपये, म्हणजे एकूण २४ लाख कर्ज काढले. व्याज दहा टक्के धरले तर पहिल्या वर्षी व्याजच २ लाख ४० हजार होते. शेतावर पाहुणे मुख्यतः शनिवार-रविवारी येतात. वर्षात अशा रात्री १०४. त्यातही सरासरी निम्म्या खोल्या भरल्या आणि खोलीला २,००० रुपये मिळाले, तर रात्रीला ६,००० आणि वर्षाला ६ लाख २४ हजार रुपये जमा होतील. जेवण, मजुरी, वीज, धुलाई यात निम्मे गेले, तर उरतात ३ लाख १२ हजार. त्यातून व्याज वजा जाता ७२ हजार. दहा वर्षांत मुद्दल फेडायचे तर वर्षाला २ लाख ४० हजार हवेत. म्हणजे पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांची तूट, आणि ती भरायला शेतीचे उत्पन्न.

आता दुसरा हिशेब. आहे त्याच जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या ३ लाखांत नीट केल्या. सरासरी एक खोली भरली, तर वर्षाला २ लाख ८ हजार. निम्मा खर्च जाता १ लाख ४ हजार. व्याजाचे ३० हजार आणि मुद्दलाचे ३० हजार फेडून ४४ हजार रुपये हातात राहतात. रक्कम लहान आहे, पण ती घरात येणारी आहे, घरातून जाणारी नाही.

या विवेचनावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. पाहुण्यासाठी काय बांधायचे, हे ठरवण्याआधी आपल्या शिवारात काय टिकले आहे, याची यादी करा. जुनी झाडे, विहीर, खळे, देशी वाण, बैलजोडी, बांधावरच्या रानभाज्या आणि गावातले कुंभार, सुतार, बुरूड, विणकर हे सर्व त्या यादीत यावेत.

२. एकही जुने झाड पर्यटनासाठी तोडू नका. झाड तोडून केलेली फरसबंदी पाहुण्याला शहरातही मिळते.

३. शेती पडीक टाकून किंवा केवळ देखाव्यापुरती ठेवून हा व्यवसाय करू नका. पाहुणा नसतानाही परवडेल अशीच शेती पाहुण्याला दाखवण्यासारखी असते.

४. सुरुवात एक-दोन खोल्यांनी करा आणि जुने घर दुरुस्त होत असेल तर नवे बांधू नका. माती, कौल आणि लाकूड यांचे काम जाणणारे गवंडी-सुतार गावात असतील, तर त्यांनाच बोलवा.

५. शेजाऱ्याचा वाटा पहिल्या दिवसापासून ठरवा. भाजी, दूध, धान्य त्याच्याकडून रास्त दराने घ्या. भाकरी-पिठल्याचे काम बचत गटाला द्या. भाड्यातील ठरावीक भाग बांध, पाणंद आणि झाडे यांच्यासाठी वेगळा ठेवा व त्याचा हिशेब गावाला दाखवा.

६. कारागिराला खेळ दाखवायला बोलावू नका. त्याला शिकवण्याचे मानधन द्या आणि त्याचा माल त्याच्याच भावाने विका.

त्या तरुण शेतकऱ्यांचे काय झाले, हे आपल्याला जाणून घ्यायचे असेल. त्यांनी कर्जप्रकरण रद्द केलेले नाही, पण थांबवले आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. आजोबांच्या वेळचे धान्याचे कोठार रिकामे आहे, त्याच्या भिंती अजून भक्कम आहेत, तिथे दोन खोल्या निघतील का, ते पाहायला या म्हणाले. चिंचा-आंब्यांची ओळ कोठाराच्या पश्चिमेलाच आहे. मी पुढच्या रविवारी जाणार आहे. तोवर ओळीतली झाडे मोजून, त्यांचे वय लिहून ठेवायला मी त्यांना सांगितले आहे.

मीही या पावसाळ्यात आमच्या वस्तीच्या पश्चिमेला पाच चिंचा लावल्या आहेत. त्यांची सावली मला मिळेल की नाही, हा हिशेब मी मांडलेला नाही. आपल्यालाही विनंती, की घरी गेल्यावर नकाशा काढायच्या आधी एकदा आपल्या घराभोवती फिरून या.

ज्यांना आपल्या शेताविषयी काही विचारायचे असेल, त्यांनी मेळाव्यानंतर विभागाच्या दालनात अवश्य भेटावे.